पिन_युजर_पेजेस वापरणाऱ्या ड्रायव्हरचा रिव्ह्यू: एरर पाथ वाचायचा कुठून?

महापे_बोर्डवाला

नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत आमची छोटी टीम एका इन्स्पेक्शन कॅमेऱ्याच्या बोर्डासाठी कर्नलचं काम बघते. बोर्ड 64-बिट आर्म, रॅम 512 एमबी, पेज 4 केबी, लिनक्स कर्नल 6.6. ड्रायव्हर मुळात 5.10 वर लिहिलेला, आता वर आणायचा आहे. हे कॅमेरे रबाळे-तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांत पॅकिंग लाईनवर बसतात आणि महिनोन्‌महिने रीबूट होत नाहीत. त्यामुळे मेमरीच्या बाबतीत नुसतं 'चालतंय' एवढ्यावर पॅच पास करायचा नाही.

मुख्य आयऑक्टल (युजर प्रोग्रॅमने ड्रायव्हरला द्यायची आज्ञा) बफर नोंदवण्याचं आहे. क्रम असा: कॉपी_फ्रॉम_युजरने पत्ता आणि लांबी घेतो, लांबीवरून पेजेसची संख्या काढतो, पेज पॉइंटरच्या अॅरेसाठी केव्हीमॅलॉक_अॅरे, बफर ऑब्जेक्टसाठी केझेडअॅलॉक, प्रोसेसच्या पिन्ड_व्हीएम (पिन केलेल्या पेजेसचा हिशेब) मध्ये तेवढी पेजेस मिळवतो, मग फोल_राइट आणि फोल_लाँगटर्म लावून पिन_युजर_पेजेस_फास्ट (युजरची पेजेस जागेवरून हलू नयेत म्हणून धरून ठेवणं), त्यावर एसजी टेबल (विखुरलेल्या पेजेसची यादी), डीएमए_मॅप_एसजीटेबल (हार्डवेअरला ती पेजेस सीपीयूशिवाय थेट वापरता यावीत म्हणून), एक्सए_अॅलॉक करून हँडल (बफर ओळखायचा आकडा), आणि शेवटी कॉपी_टू_युजरने ते हँडल परत. कुठेही बिघडलं की 'गोटो एर', हाच एरर पाथ. त्या लेबलखाली तीनच ओळी: केफ्री पेजेस, केफ्री बफर, रिटर्न रेट ('रेट' म्हणजे परतीचा कोड ठेवणारं व्हेरिएबल).

शेजारी एमएमॅप हुक (युजरच्या पत्त्यांत मेमरी जोडून देणारं फंक्शन) आहे. त्यात ड्रायव्हरने स्वतः अॅलोकेट केलेली स्टेटस रिंगची पेजेस एका लूपमध्ये रीमॅप_पीएफएन_रेंजने युजरला दाखवतो. फॉल्ट हँडलरही (हात लावलेलं पेज जोडलेलं नसलं की चालणारा) आहे.

पॅच लिहिणाऱ्याचं म्हणणं, जीएफपी_कर्नलची (कर्नलमधली नेहमीची, वाट बघू शकणारी मागणी) छोटी अॅलोकेशन प्रत्यक्षात फेल होत नाहीत आणि सोक टेस्ट (बोर्ड बराच काळ सलग चालवून बघणं) स्वच्छ गेली आहे, तर एरर पाथवर इतका वेळ कशाला. मला त्याला नेमकं दाखवायचं आहे. असा कोड वाचायला कुठून घ्यावा, आणि बोर्डावर हे रस्ते मुद्दाम कसे चालवावेत?

---

उलट_गोटो (ऐरोली)

लेबलवरून वाचायला सुरुवात केली तर लेबल बरोबरच वाटतं. उलट करा. फंक्शनमधून बाहेर पडणारी प्रत्येक ओळ घ्या आणि विचारा: या क्षणी आपल्या हातात काय काय आहे? कागदावर दोन रकाने पुरतात. एकात 'काय घेतलं', दुसऱ्यात 'ते परत कशाने करायचं'. बाहेर पडण्याच्या प्रत्येक ओळीशी दुसरा रकाना खालून वर पूर्ण झाला पाहिजे. तुमच्या फंक्शनमध्ये घेतलेल्या गोष्टी सात आहेत (अॅरे, ऑब्जेक्ट, पिन्ड_व्हीएमचा आकडा, पिन, एसजी टेबल, डीएमए मॅपिंग, हँडल) आणि परत करणाऱ्या ओळी दोन. एवढं दाखवलंत तरी अर्धा वाद संपेल.

आता वरून खाली.

कॉपी_फ्रॉम_युजर एरर कोड देत नाही, कॉपी न झालेल्या बाइट्सची संख्या देतं. 'रेट' मध्ये ती घेऊन तशीच परत केली असेल तर युजरला धन आकडा मिळतो आणि बहुतेक प्रोग्रॅम त्याला यश समजतात. तिथे स्वतः उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर) लावावा लागतो. त्याच्या पुढचा सापळा याच्याच शेजारी आहे: कॉपी नीट झाली, रेट शून्य झाला, मग केव्हीमॅलॉक_अॅरेने नल दिला आणि कोड रेटला उणे एनोमेम (मेमरी नाही हा एरर) न लावता 'गोटो एर' गेला. फंक्शन शून्य परत करतं. युजरला वाटतं बफर नोंदला गेला, आणि तो स्टॅकवरचं जुनं हँडल वापरत सुटतो. प्रत्येक 'गोटो' च्या आधीच्या ओळीत रेट कोणी आणि कशाला लावला हे बोट ठेवून बघा.

पेजेसची संख्या: लांबी अधिक पेजमधला ऑफसेट अधिक 4095, मग 12 बिट उजवीकडे. युजरने लांबी कमाल दिली तर ही बेरीज गुंडाळून शून्याजवळ येते. शून्य पेजेससाठी केव्हीमॅलॉक_अॅरे नल देत नाही, झिरो_साइज_पीटीआर देतं, म्हणजे पत्ता 16. नल-चेक आरामात पास होतो आणि पहिल्या वापराला कर्नल आपटतं. म्हणून शून्य लांबी आणि बेरजेचा ओव्हरफ्लो चेक_अॅड_ओव्हरफ्लोने आधीच परतवा. शिवाय पिन_युजर_पेजेस_फास्ट पेजेसची संख्या इंट म्हणून घेतं, तेव्हा इंट_मॅक्सच्या वरचं काहीही तिथवर पोचता कामा नये.

एकच एर लेबल: अॅरे फेल झाला तेव्हा बफर पॉइंटरला अजून किंमतच नाही. केफ्रीला नल चालतो, कचरा चालत नाही. कर्नलच्या कोडिंग स्टाइल दस्तऐवजात या चुकीला स्वतंत्र जागा दिली आहे. लेबलं वेगळी करा आणि त्यांची नावं ती काय करतात त्यावरून ठेवा, जसं एर_अनपिन, एर_फ्री_पेजेस. एर1, एर2 अशी नावं असली की मध्ये एक पायरी घातल्यावर सगळे आकडे सरकतात आणि हमखास एक 'गोटो' जुन्या जागी राहतो.

केव्हीमॅलॉकला केफ्री: हा तर सोक टेस्टमध्ये कधीच दिसणार नाही असा दोष. 1 एमबीच्या बफरला 256 पेजेस, अॅरे 2 केबी, तो केमॅलॉकमधूनच येतो आणि केफ्री बरोबर ठरतं. 64 एमबीच्या बफरला 16,384 पेजेस आणि 8 बाइटच्या पॉइंटरने 128 केबीचा अॅरे. सलग 32 पेजेस मोकळी असली तर केमॅलॉक, नसली तर गुपचूप व्हीमॅलॉक. मशीन ताजं असेपर्यंत पहिला रस्ता, मेमरीचे तुकडे झाल्यावर दुसरा. व्हीमॅलॉकचा पत्ता केफ्रीला दिला की स्लॅबचा (केमॅलॉकमागच्या यंत्रणेचा) कोड भलत्याच पेजचा हिशेब काढतो. केव्हीफ्रीच हवं, यशाच्या रस्त्यावरही.

आता पिन. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. या फंक्शनची उत्तरं तीन प्रकारची: ऋण म्हणजे एरर, मागितली तेवढी म्हणजे यश, आणि त्याहून कमी धन आकडा म्हणजे अर्धवट. तुमचा कोड 'शून्यापेक्षा कमी असेल तर एर' एवढंच बघत असेल तर अर्धवट उत्तर यश म्हणून पुढे जातं. समजा 16,384 मागितली आणि 9,000 मिळाली. अॅरेच्या उरलेल्या 7,384 जागांत केव्हीमॅलॉकने दिलेला कचरा आहे, आणि एसजी टेबल तो पेज पॉइंटर समजून डीएमएला देतं. मग कॅमेरा कोणाच्या तरी मेमरीवर फ्रेम लिहितो. बरोबर चेक असा: मिळालेला आकडा मागितलेल्याइतका नसेल आणि धन असेल, तर अनपिन_युजर_पेजेसला अॅरे आणि मिळालेला आकडा द्या (मागितलेला नाही), रेटला उणे ईफॉल्ट लावा, ऋण असेल तर तोच एरर वर द्या. आकडा साठवणारं व्हेरिएबल अनसाइन्ड असेल तर 'शून्यापेक्षा कमी' कधीच खरं होत नाही आणि साधा बिल्ड त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. घोषणेची ओळ बघाच.

5.10 च्या कोडमध्ये एखाद्या कोपऱ्यात पुट_पेज राहिलेलं असतं, तेही शोधा. पिन केलेल्या साध्या पेजचा रेफरन्स काउंट 1024 ने वाढतो, पुट_पेज 1 ने कमी करतं. 1023 उरतात आणि ते पेज कायमचं गेलं. गेट_युजर_पेजेसला पुट_पेज, पिन_युजर_पेजेसला अनपिन. या जोड्यांची अदलाबदल नाही.

तुमच्या बोर्डावर लीकचा हिशेब सरळ आहे. 64 एमबीचे आठ बफर म्हणजे अख्खी रॅम, आणि बोर्ड त्याच्या बराच आधी ओओएमला (मेमरी संपून प्रोसेस मारण्याची वेळ) जाईल.

---

घणसोली_जीडीबी

वरच्या उत्तरात परत करण्याच्या क्रमाबद्दल थोडं राहिलं.

एसजी_अॅलॉक_टेबल_फ्रॉम_पेजेस फेल झालं तर स्वतःचं अर्धवट टेबल ते स्वतः मोकळं करतं, तुम्ही एसजी_फ्री_टेबल बोलवायचं नाही. पण त्यानंतर डीएमए_मॅप_एसजीटेबल फेल झालं तर टेबल तुमच्या गळ्यात आहे. हेच जुन्या डीएमए_मॅप_एसजी बद्दल उलटं डोक्यात बसलेलं असतं: ते अपयशाला शून्य देतं आणि यशाला नोंदींची संख्या. डीएमए_मॅप_एसजीटेबल यशाला शून्य आणि अपयशाला ऋण आकडा देतं. पोर्ट करताना फक्त फंक्शनचं नाव बदललं आणि 'शून्य असेल तर एर' ही अट तशीच राहिली, तर यशाच्या वेळी एरर पाथ आणि अपयशाच्या वेळी पुढचा कोड. टेस्टमध्ये पहिलं लगेच दिसतं, म्हणून कोणीतरी अट घाईत काढूनच टाकतं. 'चेकच नाही' अशी ओळ दिसली तर गिटच्या इतिहासात मागे जाऊन बघा.

डीएमए अनमॅप आधी, अनपिन नंतर. आणि हार्डवेअरला पत्ता दिल्यानंतर फेल होणारी एकही पायरी असेल, तर सगळ्यात आधी हार्डवेअर थांबवणं आणि ते खरंच थांबल्याची खात्री. या एकाच क्रमाच्या चुकीला कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन) पकडत नाही, कारण लिहिणारा सीपीयू नसतो.

पिन्ड_व्हीएम: एरर पाथवर मिळवलेला आकडाच वजा करा. मिळवताना पेजेसची संख्या आणि वजा करताना पिन झालेली संख्या, असं झालं की प्रत्येक अर्धवट पिनमागे हिशेब वर चढतो आणि काही आठवड्यांनी प्रोसेस मेमलॉकच्या (धरून ठेवता येणाऱ्या मेमरीच्या) मर्यादेला लागतो, मेमरी मोकळी असताना. दुसरं, रिलीजच्या वेळी करंटचा (त्या क्षणी चालणाऱ्या प्रोसेसचा) एमएम, म्हणजे मेमरीचं खातं, वापरू नका. फाइल डिस्क्रिप्टर फोर्कमधून किंवा सॉकेटवरून दुसऱ्या प्रोसेसकडे गेला तर वजाबाकी भलत्याच्या खात्यातून होते. नोंदवतानाच एमएमग्रॅब करून एमएम बफर ऑब्जेक्टमध्ये ठेवा, शेवटी एमएमड्रॉप. म्हणजे कागदावरच्या रकान्यात आठवी गोष्ट आली.

फोल_लाँगटर्म बद्दल: ते काढून टाकायचा मोह होईल, कारण त्यानेच कधी कधी एनोमेम येतो. युजरची पेजेस तर आधीच आहेत, मग एनोमेम कसा? दीर्घकाळ पिन होणारी पेजेस सीएमए (सलग मेमरीसाठी राखलेला भाग) किंवा मूव्हेबल झोनमध्ये राहू शकत नाहीत, म्हणून कर्नल ती आधी दुसरीकडे हलवतं आणि त्यासाठी नवीन पेजेस लागतात. फ्लॅग काढलात तर पिन यशस्वी होईल, पण सीएमएमध्ये अडकलेल्या पेजेसमुळे कॅमेऱ्याचं स्वतःचं सीएमए अॅलोकेशन उणे ईबिझी देईल. फ्लॅग ठेवा आणि एरर सांभाळा.

---

कोपरी_पूर्व (ठाणे)

'जीएफपी_कर्नल फेल होत नाही' याबद्दल. यात तथ्य आहे आणि तेच धोक्याचं आहे. अॅलोकेटर ऑर्डर 3 पर्यंत, म्हणजे 4 केबी पेजवर 32 केबीपर्यंत, हार मानायला तयार नसतो. रिक्लेम करतो, ओओएम किलर उठवतो, पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून हे रस्ते वर्षानुवर्षं चालतच नाहीत आणि त्यात दोष साचतात. पण हे अॅलोकेटरचं वागणं आहे, वचन नाही. ओओएमने ज्या प्रोसेसला मारायला निवडलं त्याच प्रोसेसच्या मागणीला नल मिळू शकतो. मेमरी सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाच्या) मर्यादेत मोजलेली अॅलोकेशन्स मशीनवर रॅम मोकळी असताना फेल होऊ शकतात. ऑर्डर 3 च्या वर हमी नाहीच. जीएफपी_अॅटॉमिक तर खुशाल फेल होतं. आणि यातलं प्रत्येक कारण बोर्ड दाबाखाली असतानाच घडतं, म्हणजे एरर पाथ पहिल्यांदा चालतो तो नेमका ग्राहकाच्या लाईनवर.

बोर्डावर चालवण्यासाठी टेस्ट कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम अपयश घडवणारी यंत्रणा), फेलस्लॅब, फेल_पेज_अॅलॉक, फॉल्ट इंजेक्शन युजरकॉपी आणि फॉल्ट इंजेक्शन डीबग एफएस हे पाच पर्याय चालू करा. सोबत कासान आणि केमेमलीक (मेमरी लीक शोधणारं साधन). 512 एमबीवर कासान जड जातो. न झेपला तर लॉजिकचा भाग क्यूएमूमध्ये (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कासानसह चालवा आणि बोर्डावर बाकीचं.

मग डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या डीबगिंग फाइल्सच्या जागी) फेलस्लॅब नावाची डिरेक्टरी दिसेल. तीन डीफॉल्ट लक्षात ठेवा, नाहीतर काहीच फेल होणार नाही आणि वाटेल कोड भक्कम आहे.

'इग्नोर-जीएफपी-वेट' मुळात वाय असतं. म्हणजे झोपू शकणारी अॅलोकेशन्स, पर्यायाने तुमची सगळी जीएफपी_कर्नल, वगळली जातात. एन करा.

'टाइम्स' मुळात 1 असतं. एकदा फेल करून यंत्रणा गप्प बसते. प्रॉबेबिलिटी वापरणार असाल तर उणे 1 लिहा.

फेल_पेज_अॅलॉकमध्ये 'मिन-ऑर्डर' मुळात 1 असतं. एकेका पेजची मागणी कधीच फेल होत नाही. 0 करा.

प्रॉबेबिलिटीवर मात्र फार विसंबू नका. टक्केवारीने फेल केलं की पहिल्या दोन पायऱ्या शंभरदा चालतात आणि शेवटची क्वचित. त्यापेक्षा फेल-एनटीएच वापरा. प्रॉकमध्ये थ्रेड-सेल्फखाली त्या नावाची फाइल असते. टेस्ट प्रोग्रॅमने त्यात 1 लिहायचं, आयऑक्टल करायचं, फाइल परत वाचायची. शून्य वाचलं तर पहिलं अॅलोकेशन फेल झालं होतं. मग 2, मग 3. जेव्हा शून्याऐवजी धन आकडा मिळतो तेव्हा त्या आयऑक्टलमध्ये तितकी फेल होण्यासारखी ठिकाणंच नाहीत. तिथे फाइलमध्ये 0 लिहून थांबा. अशा रीतीने प्रत्येक जागा बरोबर एकेकदा फेल होते, नशिबावर काही नाही. इग्नोर-जीएफपी-वेट इथेही लागू असतं, ते एन असल्याशिवाय उपयोग नाही.

प्रत्येक फेरीनंतर काय बघायचं: प्रॉकमधल्या व्हीएमस्टॅटमध्ये एनआर_फोल_पिन_अॅक्वायर्ड आणि एनआर_फोल_पिन_रिलीज्ड असे दोन आकडे असतात. टेस्टआधीचा फरक आणि नंतरचा फरक एकच हवा. पिनचा लीक पकडायला यासारखं साधन नाही. केमेमलीकला युजरची पिन केलेली पेजेस दिसत नाहीत, अॅलॉक_पेजेसमधून थेट घेतलेलीही दिसत नाहीत. त्याचा उपयोग अॅरे, ऑब्जेक्ट आणि एसजी टेबलसाठी. पाच सेकंदांपेक्षा ताज्या गोष्टी तो सांगत नाही, तेव्हा थोडं थांबून स्कॅन लिहा, आणि मग एकदा आणखी लिहा.

दोन चाचण्या फॉल्ट इंजेक्शनशिवाय, नेहमीच्या कर्नलवरही होतात. पॅच लिहिणाऱ्याला आधी याच दाखवा.

अर्धवट पिन: 64 एमबी एमएमॅप करा, सगळ्या पेजेसना एकदा हात लावा, मग 9,000 क्रमांकाचं एकच पेज मुनमॅप करून भोक पाडा (मोजणी शून्यापासून). आता पूर्ण 64 एमबी आयऑक्टलला द्या. पिन 9,000 वर थांबेल. आयऑक्टल यश परत करतं का, आणि ईफॉल्ट देत असेल तर व्हीएमस्टॅटचा फरक जागेवर येतो का, ते बघा. कचऱ्याचं डीएमए होऊ नये म्हणून कॅमेरा बंद ठेवून करा.

कॉपी_टू_युजरचं अपयश: आयऑक्टलचं स्ट्रक्चर वेगळ्या पेजवर भरा आणि एमप्रोटेक्टने ते पेज फक्त वाचण्यापुरतं करा. आत येणारी कॉपी चालते, बाहेर जाणारी ईफॉल्ट देते. म्हणजे सगळं मिळवून झाल्यावर, अगदी शेवटच्या पायरीवर मोडतं. आठही गोष्टी परत व्हायला हव्यात.

---

महापे_बोर्डवाला

मंडळी, मनापासून आभार. भोकाची चाचणी लगेच चालवली. आयऑक्टलने यश परत केलं. पॅच लिहिणाऱ्याने स्वतःच अनपिनचा भाग लिहायला घेतला आहे, आता वाद नाही.

दोन शंका. कॉपी_टू_युजर फेल झालं तर एक्सए_इरेज करून मागे मागे सोडवत जायचं, हे पुरेसं आहे का? आणि 6.6 वर आहोत तर क्लीनअप हेडरमधलं फ्री आणि गार्ड (फंक्शनमधून बाहेर पडताना आपोआप मोकळं करणारी सोय) वापरून ही सगळी लेबलंच काढावीत का?

---

उलट_गोटो (ऐरोली)

पहिली शंका फार महत्त्वाची आहे. पुरेसं नाही. एक्सए_अॅलॉकने बफर ऑब्जेक्ट टेबलात गेला त्या क्षणी तो सार्वजनिक झाला. हँडल 1, 2, 3 असेच असतात. त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड अंदाजाने हँडल 3 वर 'बफर सोडा' हे आयऑक्टल मारू शकतो, तुमचं कॉपी_टू_युजर अजून फॉल्टमध्ये अडकलेलं असताना. तो सगळं मोकळं करतो, मग तुमचा एरर पाथ तेच पुन्हा मोकळं करतो. डबल फ्री, आणि तेही युजरला हवं तेव्हा घडवून आणता येणारं.

उपाय क्रमात आहे. एक्सए_अॅलॉकला ऑब्जेक्टऐवजी नल द्या: जागा राखली जाते, पण एक्सए_लोड करणाऱ्याला तिथे नलच दिसतो. मग कॉपी_टू_युजर. ते फेल झालं तर एक्सए_इरेज आणि निवांत मागे या, कारण ऑब्जेक्ट अजून कोणी पाहिलेला नाही. यशस्वी झालं तर अगदी शेवटी एक्सए_स्टोअर. जागा आधीच राखलेली असल्याने त्याला मेमरी लागत नाही. फंक्शनमध्ये यानंतर फेल होणारी एकही ओळ नको. रिव्ह्यूत हाच नियम लावा: जगाला दाखवण्याची ओळ शेवटची. सोडण्याच्या आयऑक्टलने मात्र एक्सए_लोडने नल आला तर काहीही न पुसता परतायचं.

कोणी एक्सए_अॅलॉक_सायक्लिक वापरलं असेल तर 6.6 मध्ये आकडे गुंडाळून सुरुवातीपासून आले की ते 1 परत करतं, तो एरर नाही. तिथे 'रेट शून्य नसेल तर' अशी अट चुकीची, 'ऋण असेल तर' हवी.

रेफरन्स एका रस्त्यावर सोडायचा राहिला तर काय होतं याचं नावाजलेलं उदाहरण सीव्हीई-2016-0728 (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या दोषाचा नोंद क्रमांक). कर्नल 3.8 पासूनच्या कीरिंग (प्रोसेसच्या सुरक्षा-किल्ल्या ठेवणाऱ्या) कोडमध्ये, सेशन कीरिंग आधीच तीच असेल तर बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर की_पुट राहिलं होतं. प्रत्येक कॉलला काउंट एकाने वाढायचा. 32 बिटांचा काउंटर पूर्ण गुंडाळून शून्यावर आणला की कीरिंग मोकळं होतं आणि पॉइंटर हातात राहतो. लीक दिसायला निरुपद्रवी, शेवट यूज-आफ्टर-फ्रीत (मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं). आणि लक्षात घ्या, तो रस्ता एररचाही नव्हता, 'काही करायची गरज नाही' म्हणून लवकर परतण्याचा होता. लवकर परतणाऱ्या ओळीही तुमच्या कागदावर यायला हव्यात.

क्लीनअप हेडर कर्नलमध्ये 6.5 ला, 2023 मध्ये आलं, म्हणजे तुमच्याकडे आहे. पण एका फंक्शनमध्ये गोटो आणि आपोआप मोकळं होणं यांची सरमिसळ करू नका. व्हेरिएबल्स घोषणेच्या उलट क्रमाने मोकळी होतात. सगळी वर नल लावून घोषित केलीत तर मोकळं होण्याचा क्रम तुम्ही घेतलेल्या क्रमाशी जुळेलच असं नाही. पिन आणि डीएमए यांना तयार घोषणा नाहीत, केव्हीफ्रीसाठी तुमच्या शाखेच्या स्लॅब हेडरमध्ये आहे का ते बघावं लागेल. या पॅचपुरतं मी लेबलंच ठेवेन.

---

घणसोली_जीडीबी

एमएमॅप हुककडे अजून कोणी वळलं नाही, आणि मला तोच भाग जास्त खुपतो.

रीमॅप_पीएफएन_रेंज लूपमध्ये आहे. समजा आठपैकी पाचव्या पेजला पेज टेबलसाठी मेमरी मिळाली नाही. आधीच्या चार पेजेसच्या नोंदी युजरच्या पेज टेबलात बसलेल्या आहेत. एरर पाथने रिंगची पेजेस फ्री केली. या मॅपिंगला पेजचा रेफरन्स काउंट धरत नाही, म्हणजे पेज लगेच दुसऱ्या कोणाला मिळू शकतं, आणि युजरचं मॅपिंग अजून तिकडेच बघतंय. एमएमॅप अयशस्वी झाल्यावर कर्नल ते मॅपिंग पुसतं खरं, पण तुमच्या हुकमधून बाहेर आल्यावर. मधल्या खिडकीत दुसरा थ्रेड ती चार पेजेस वाचू-लिहू शकतो.

रीमॅप_पीएफएन_रेंजच्या आतलाच असा अर्धवटपणा सप्टेंबर 2024 मध्ये दुरुस्त झाला, सीव्हीई-2024-47674. फेल झालं तर आता ते स्वतः बसवलेला तुकडा पुसून परततं. तुमच्या 6.6 शाखेच्या लॉगमध्ये ही दुरुस्ती आली आहे का ते तपासा. पण ती एका कॉलपुरती आहे. तुमचा लूप वेगवेगळे कॉल करतो, आधीच्या यशस्वी कॉलच्या नोंदी ती पुसत नाही. म्हणून रिंगची पेजेस एमएमॅपमध्ये अॅलोकेट करूच नका. ओपनमध्ये घ्या, फाइलच्या रिलीजमध्ये सोडा. मॅपिंगने फाइल धरलेली असते, त्यामुळे मॅपिंग जिवंत असेपर्यंत रिलीज येत नाही. हुकच्या एरर पाथमध्ये मग फ्री करण्यासारखं काही उरतच नाही. एरर पाथ नीट लिहिण्यापेक्षा तो रिकामा करता आला तर कधीही बरं.

हुकच फेल झाला तर व्हीएम_ऑप्सचं क्लोज बोलावलं जात नाही, हेही ध्यानात ठेवा. 'क्लोजमध्ये सोडतोच की' असं उत्तर आलं तर ते अपयशाच्या रस्त्याला लागू नाही.

फॉल्ट हँडलर: परतीचा प्रकार व्हीएम_फॉल्ट_टी आहे का आणि कोणत्या रस्त्यावर थेट उणे एनोमेम जातो का, ते बघा. एनोमेम म्हणजे 12. उणे 12 चे बिट हेक्समध्ये एफएफएफएफएफएफएफ4. ओओएमचा बिट (किंमत 1) आणि सिगबसचा बिट (किंमत 2) हे दोन्ही त्यात नाहीत! उलट रीट्राय आणि कम्प्लीटेड हे बिट लागलेले आहेत, ज्यांचा अर्थ 'लॉक आधीच सोडला आहे' असा. वरचा कोड त्यावर विश्वास ठेवून लॉक सोडत नाही, आणि पुढे त्याच प्रोसेसचं एमएमॅप किंवा मुनमॅप कायमचं अडकतं. व्हीएमएफ_एररमधून कोड बदलून घ्या. स्पार्स (कोड न चालवता तपासणारं साधन) हा प्रकार पकडतं: ड्रायव्हरची फाइल एकदा टच करून मेक सी=1 ने बिल्ड करा.

शेवटचं, पोर्टिंगपुरतं. नलची आणि एरर-पॉइंटरची अदलाबदल. इझ_एर फक्त शेवटच्या 4095 पत्त्यांना एरर मानतं, नलला नाही. 6.4 पासून फाइलमॅप_गेट_फोलिओ सापडलं नाही तर नलऐवजी एरर-पॉइंटर देतं, तर फाइंड_गेट_पेज अजून नलच देतं. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ही दोन नसतील, पण 5.10 वरून आणताना बोलावलेल्या प्रत्येक फंक्शनची परतीची व्याख्या 6.6 च्या सोर्समध्ये उघडून वाचा, आठवणीवर जाऊ नका. आणि इझ_एर_ऑर_नल दिसलं की थांबा: पॉइंटर नल असताना पीटीआर_एर शून्य देतं, म्हणजे अपयशाला पुन्हा यशाचं लेबल.

---

कोपरी_पूर्व (ठाणे)

एक छोटी भर. एरर पाथमध्ये 'मेमरी नाही' असे प्रिंट टाकू नका. अॅलोकेटर स्वतःच स्टॅकसकट इशारा छापतो, चेकपॅचही (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) अशा ओळीवर बोट ठेवतं. आणि युजर मुद्दाम घडवू शकेल अशा अपयशावर वॉर्न_ऑन तर नकोच. पॅनिक_ऑन_वॉर्न (वॉर्न_ऑनचा इशारा आला की कर्नल थांबवणारा पर्याय) लावलेल्या बोर्डावर चुकीची लांबी देऊन कोणीही कॅमेरा बंद पाडेल.

फेल-एनटीएचचा लूप बोर्डावर लावताना अडलं तर शनिवारी ठाण्याला बोर्ड घेऊन या, सिरीअल केबल माझ्याकडे आहे. येण्याआधी भोकाची आणि एमप्रोटेक्टची चाचणी दुरुस्त पॅचवर चालवून व्हीएमस्टॅटचे आधीचे-नंतरचे आकडे इथे टाका.